पाच मिलिमीटर

तळमजल्यावर, जिथे सोलापूरचा मे महिना पोचत नाही,
फक्त एसीचा घरघराट पोचतो,
मी सहा वर्षांच्या जुन्या फाइली उघडून बसले आहे.
जबड्याखालची डावी लाळग्रंथी. नावं अकरा.
हलकुडे डॉक्टर अख्खं नाव लिहायचे, स्पेलिंग चुकवून.
त्यांच्यानंतरचे 'सबमँ-डा'.
रात्री उशिरा बसून कुणी नुसतंच 'डावी',
आणि एकाने, देव त्याचं भलं करो, 'नवीन ३'.
ज्या गाठीवर किरण सोडायचे तिचीही तीच तऱ्हा:
'टार्गेट', 'टार्गेट फायनल', 'फायनल खरं'.

हे सगळं मॉडेलला शिकवायचं आहे.
नावावर जाऊ नकोस, सांगते मी त्याला
(सांगत कसली, आकडे बदलते आणि वाट पाहते),
आकार बघ, शेजार बघ,
हाडाच्या आडोशाला कोण राहतं,
कुणाच्या दारावरून कुठली रक्तवाहिनी जाते.
पूर्व भागात पत्ता असाच सांगतात.

नरसय्या चिलवेरी, वय एकोणसत्तर,
गाठ जिभेच्या मुळाशी.
रेशनकार्डावर नरसिंग, गिरणीच्या मस्टरवर एन. एस.,
बायको तर नावच घेत नाही, 'एवंडी' म्हणते,
आणि बरोबर तेच वळून बघतात.

चाळीस वर्षं त्यांनी चादरींचे ग्राफ भरले.
चौकोनांचा कागद, लाल पेन्सिल,
मोराच्या मानेला इतके चौकोन, डोळ्याला एक.
मग पुठ्ठे, पुठ्ठ्यांना भोकं:
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली.

मास्क बसवायच्या आधी त्यांनी माझा स्क्रीन पाहिला.
एकशे बेचाळीस काप, कापाकापावर लाल रेघ.
"हे तर डिझाईन की हो," घोगऱ्या आवाजात.
"कोण भरतंय?"
आता कॉम्प्युटर भरतो, मी तपासते, म्हटलं.
हसले. दुखलं, तसे थांबले.
"आमच्यात पण आलतं मशीन. मोर झकास काढायचं.
धुतल्यावर चादर आटती,
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं बघा."

सत्त्याऐंशीव्या कापावर मॉडेलने लिहिलं होतं:
डावी लाळग्रंथी. खात्री सत्त्याण्णव टक्के.
म्हणजे वाचवायची. किरण तिला चुकवून न्यायचे.
माझं बोट 'मंजूर'वर होतं, खोटं कशाला बोलू.
तेवढ्यात त्यांनी गळ्याशी हात नेला,
"इथलं काढलंय. विजापूरला. दोन वर्षं झाली."

व्रण होता. सुरकुत्यांत मुरलेला, विणीत मिसळलेल्या दोऱ्यासारखा.
कागद घरी, ट्रंकेत.
त्या पत्त्यावर आता दुसरंच कुणी राहत होतं,
जुन्या भाडेकरूच्या पाटीखाली.
चूक मॉडेलची म्हणू?
शेजार बघ, असं मीच सांगितलं होतं.

मग डॉक्टरांना फोन, पुन्हा सीटी, दोन दिवस गेले.
ती पाटी मी हाताने काढली,
डॉक्टरांनी रेघ दिली, मी नाव दिलं,
आणि रेघेबाहेर पाच मिलिमीटर सोडले:
माणूस गिळतो म्हणून, श्वास घेतो म्हणून,
सहा आठवड्यांत मास्क सैल होतो म्हणून.
"आटायला ठेवलंत," ते म्हणाले.
हो, म्हटलं. आटायला.

एका पेशंटने मॉडेल बदलत नाही.
रात्रभर चालवलं, सकाळी आकडा जवळजवळ तोच,
दशांशाच्या तिसऱ्या घरात काहीतरी हललेलं.
कुणाचं काय काढलंय, हा रकाना मी वाढवला आहे.
मागच्या सहा वर्षांचा तो रिकामाच आहे.
एकेक फोन करते.

आज त्यांचा चौथा दिवस.
आत गारठा असतो, म्हणून बायकोने पिशवीतून चादर आणली आहे,
धुऊन धुऊन आखूड झालेली. पाय उघडे राहतात.
मास्कखाली त्यांना बोलता येत नाही.
अंगठ्याने ते काठ चाचपत असतात,
मी दार लावून घेईपर्यंत.